टाळाची पारख

वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, खांद्यावर पताका असते आणि हातात टाळ असतो. माळेचे नेम आपण जाणतो. पताका भगवी असावी हे लहान मूलही सांगेल. परंतु हातातला टाळ कोणत्या धातूचा, तो घडवला कोणी, चांगला कोणता नि हिणकस कोणता, असे विचारले तर पुष्कळ वर्षे वारी केलेला टाळकरीही क्षणभर घुटमळतो. रोज हाताशी असणाऱ्या वस्तूचा विचार आपण सर्वांत कमी करतो, हा माणसाचा स्वभावच आहे. म्हणून या पाठात आम्ही टाळाचाच अभ्यास करावयाचे योजिले आहे. आणि टाळाचा अभ्यास म्हटला की तो घडवणाराचाही अभ्यास आलाच. टाळ काही झाडाला लागत नाही; तो भट्टीत जन्मतो आणि कोणाच्या तरी कानाने पारखला जातो.

टाळ हे घनवाद्य

आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग केले आहेत. तारेचे ते तत, फुंकीचे ते सुषिर, कातड्याने मढवलेले ते अवनद्ध आणि भरीव अंगाचे, आघाताने वाजणारे ते घन. भरताच्या नाट्यशास्त्रात ही विभागणी सांगितली आहे. 1914 साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन युरोपीय पंडितांनी जगभरच्या वाद्यांची वर्गवारी मांडली, तीही मुळात अशाच चार गटांची होती. आता आपल्या दिंडीकडे पाहा. वीणा हे तत, मृदंग हे अवनद्ध, टाळ हे घन. उरला सुषिराचा वर्ग. त्याची जागा शेकडो गळे भरून काढतात.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायात ताल, कांस्यताल, घंटा ही घनवाद्ये आली आहेत. ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे 1290 साली सिद्ध झाली आणि निवृत्तिनाथांनी 1297 साली त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली, असे आपण मानतो. ही भावंडे ज्या यादवांच्या राज्यात वाढली, त्याच राज्यात काही दशके आधी कांशाचा टाळ शास्त्रग्रंथात नोंदला गेला होता. टाळ काही कालपरवाची वस्तू नव्हे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. वीणेची तार उतरली तर खुंटी पिळून सूर लावता येतो. मृदंग पावसाने उतरला तर गठ्ठे ठोकून, शाई-कणकेची काळजी घेऊन तो पुन्हा चढवता येतो. टाळाला मात्र खुंटी नाही. भट्टीतून आणि कानशीखालून निघताना जो सूर त्याच्या अंगी बसला, तोच जन्मभर राहतो. वाजवणाराला तो बदलता येत नाही. म्हणजे टाळाचा सूर लावण्याचे काम वाजवणाऱ्याच्या आधीच दुसऱ्या कोणीतरी एकदाच केलेले असते. तो दुसरा कोण, हे आपण विचारीत नाही.

नाशिकची धातूची परंपरा

नाशिक हे गोदातीरीचे तीर्थ. यात्रेकरूंचा राबता मोठा, आणि पूजेची भांडी, तांबे, गडू, समया, घंटा तीर्थावरून घरी न्यावयाची आपल्याकडे जुनी रीत. त्या रीतीवर तांबट, कासार आणि ओतारी यांचे हात पोसले गेले. तांबट तांबे ठोकून घडवतो, कासार पितळ-कांशाच्या भांड्यांचा व्यवहार जाणतो, आणि ओतारी धातूचा रस साच्यात ओततो. कासार हा शब्दच ‘कांस्यकार’ या शब्दावरून आला. 1883 साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नाशिकच्या तांब्यापितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. जुन्या नाशकातील तांबट लेन, भांडी बाजार ही नावे आजही त्या धंद्याची साक्ष देतात. गोदावरीला मोठा पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजार या भागात पाणी शिरते आणि दुकानदारांची एकच धावपळ उडते. तरी बाजार नदीला सोडून गेला नाही.

पुढे घरोघर ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले, मग प्लॅस्टिक आले. तांब्यापितळेचा हंडा, घंगाळ, बंब माळ्यावर गेले. भांड्यांचे काम आटले तसे पुष्कळ घरांतल्या पुढच्या पिढीने दुसरी वाट धरली, आणि तेही साहजिकच होते. परंतु पूजेचे उपकरण आणि भजनाचे वाद्य यांना स्टील चालत नाही. म्हणून टाळ, झांज, घंटा, घुंगरू एवढे काम या हातांना उरले. ते उरेल की जाईल, हे पुष्कळसे घेणाऱ्याच्या हाती आहे. आणि टाळ घेणारे मुख्यतः आपणच.

कांसे आणि पितळ

टाळ दोन धातूंचे असतात. तांब्यात कथील मिसळले की कांसे होते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. नादाच्या कांशात शंभर भागांत सुमारे 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील, असे जुने प्रमाण आहे. मोठ्या घंटांचा धातूही साधारण असाच असतो. तुर्कस्तानात इस्तंबूल येथे 1623 साली झिल्जान घराण्याने झांजा करण्याचा धंदा थाटला. त्यांच्या झांजांतही तांबे-कथलाचे प्रमाण 80 ला 20 च्या आसपासच आहे. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण नादाच्या शोधात निघालेला माणूस फिरून त्याच मिश्रणापाशी येऊन पोचला.

कथील वाढले की नाद वाढतो, पण ठिसूळपणाही वाढतो. थंड कांशावर जोराचा घाव बसला तर ते काचेसारखे तडकते. पितळ सोशिक आहे. ते पडले तरी सहसा पोचा येऊन निभावते, पण त्याचा नाद कांशाइतका लांबत नाही. शिवाय कथील तांब्याहून पुष्कळ महाग आणि आपल्याकडे बहुतेक परदेशातून येते. जस्त तांब्याहून स्वस्त. तेव्हा आज बाजारात पितळेचे टाळ अधिक का दिसतात, हे वेगळे सांगायला नको. पितळेचा टाळ म्हणजे खोटा टाळ, असे मात्र कोणी समजू नये. चांगल्या हाताने केलेला पितळी टाळ वाईट हाताच्या कांशाच्या टाळाहून केव्हाही सरस. फक्त पितळ हे पितळ म्हणून विकले जावे, एवढेच.

घडण कशी होते

तांबे वितळायला 1,085 अंश सेल्सिअस उष्णता लागते. कथील 232 अंशांनाच वितळते. दोन्ही एकत्र झाले की मिश्रण नऊशे अंशांच्या आतच पाणी होते. म्हणून मुशीत आधी तांबे वितळवतात आणि कथील मागाहून घालतात. पितळेत वेगळीच अडचण आहे. जस्त 907 अंशांना उकळते. रस फार तापला की जस्त पांढरा धूर होऊन उडून जाते, आणि मिश्रणाचे गणित बिघडते. तो धूर छातीत गेला तर कारागिराला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. भट्टीच्या खोलीला मोकळा वारा हवा तो यासाठी. टाळ हातात घेताना या तापाचीही आठवण असावी.

ओतीव टाळासाठी किंचित ओलसर बारीक वाळूत नमुना दाबून साचा करतात आणि त्यात रस ओततात. वाळू फार ओली असली तर वाफ धरते आणि धातूच्या पोटात बुडबुडे राहतात. वरून टाळ गुळगुळीत दिसतो, पण वाजवला की आवाज बसका येतो. साचा फोडून निघालेल्या वाटीची नाळ कापावयाची, कानशीने कड साधावयाची, लेथवर धरून आतबाहेर तासावयाची, मध्यभागी भोक पाडावयाचे, मग घासून उजळावयाची. भोक मध्यभागीच का? तर टाळ वाजतो तेव्हा त्याची कड थरथरते आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो. जिथे थरथर नाही तिथे दोरी बांधली तर नाद अडत नाही. कडेला नुसते बोट लावून पाहा. आवाज जागच्या जागी मरतो.

घडीव कामात ओतलेली जाड चकती लालभडक तापवून ऐरणीवर हातोड्याने पसरवतात. एकजण सांडशीने धरून फिरवतो, दुसरे घाव घालतात. लाली उतरली की थांबावयाचे, पुन्हा भट्टीत घालावयाचे. लाली गेल्यावर घातलेला एक घाव दिवसभराचे काम तडकवू शकतो. येथे एक नवल आहे. लोखंडी पाते तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते. उंच कथलाचे कांसे तापवून पाण्यात बुडवले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. लोहाराचे शहाणपण कांस्यकाराला उलटे करून शिकावे लागते. धातूधातूचा स्वभाव वेगळा आणि ज्याचा त्याचा गुरूही वेगळा.

जोड लावणे

खरी परीक्षा पुढेच आहे. टाळ एकटा नसतो, जोडीने असतो. दोन वाट्या एकाच साच्यातून निघाल्या तरी त्यांचा सूर तंतोतंत एक येत नाही. एकीची कड केसभर जाड, दुसरीचा घेर केसभर मोठा. कड पातळ केली की सूर उतरतो. घेर कमी केला की चढतो. कारागीर एक वाटी वाजवतो, दुसरी वाजवतो, कानशीचे दोन हात मारतो, पुन्हा वाजवतो.

दोन्ही सूर अगदी जवळ आणावयाचे, पण किंचित अंतर राहू द्यावयाचे, यात एक मर्म आहे. समजा, एका वाटीची कंपने सेकंदाला 1,000 आहेत आणि दुसरीची 1,004. दोन्ही एकदम वाजल्या की आवाजात सेकंदाला 4 लहरी उठतात आणि नाद हेलकावे घेत विरत जातो. अंतर फार झाले तर लहर जाऊन खरखर येते. त्यामुळे टाळाची गोडी दोन्ही वाट्यांच्या एकमेकींशी असलेल्या नात्यात आहे. नीट लावलेली जोड फोडून एक वाटी ह्याची, एक त्याची करू नये, असे जुने टाळकरी सांगतात ते उगीच नव्हे.

हे अंतर कोणत्याही तराजूत मोजता येत नाही. ते कानालाच कळते, आणि तो कान तयार व्हायला वर्षे लागतात.

स्वतंत्र कारागिराचे गणित

या धंद्यात काम करण्याच्या दोन रीती आहेत. एक मजुरीची. व्यापारी धातू तोलून देतो, माल तोलून घेतो, ठरलेली घट सोडतो आणि वजनावर मजुरी देतो. यात कारागिराला धातूच्या भावाची चिंता नसते, विक्रीचीही नसते. पण जोड लावण्यात घालवलेल्या तासाला तेथे किंमत नाही. चार कानशी जास्त मारल्या तर वजन घटते, म्हणजे उलट नुकसानच!

दुसरी रीत स्वतंत्र कारागिराची. धातू त्याने विकत घ्यावयाचा, कोळसा त्याचा, भट्टी त्याची, माल खपेपर्यंत अडकलेला पैसाही त्याचाच. नाद न लागलेली जोड त्याने स्वतःच बाद करून पुन्हा मुशीत टाकली, तर धातू परत मिळतो. कोळसा आणि श्रम मिळत नाहीत. हा बाद केलेला टाळ कोणी पाहत नाही. तो गपचूप विकला असता तरी बहुतेक गिऱ्हाइकांना कळले नसते. तेव्हा त्याच्या सचोटीचा खर्च तो एकटाच सोसतो. आणि गिऱ्हाईक येऊन पहिला प्रश्न काय विचारते? “काय हो, किलोला काय भाव?”

येथे घाव बसतो. भाव किलोचा झाला की कान फुकट गेला. मग ज्याने जोड लावली तो आणि ज्याने लावली नाही तो, दोघे एकाच काट्यावर येतात. आणि ज्याने वेळ वाचवला तोच तरतो. चांगला कारागीर शेवटी एकतर मजुरीला जातो, नाहीतर धंदा सोडतो. त्याला कोणी हाकलले नाही, कोणी लुबाडले नाही. आपण फक्त कान न लावता टाळ घेतला, एवढेच झाले.

कोणी म्हणेल, “अहो महाराज, देवाला भाव लागतो. टाळ कुठला का असेना!” खरे आहे. नुसत्या टाळीनेही भजन होते, आणि ज्याच्यापाशी पैका नाही त्याच्या फुटक्या टाळाला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण ज्याच्यापाशी पैका आहे आणि जो टाळ विकत घेणारच आहे, त्याने तो डोळे मिटून घ्यावा, असे कोणत्या संताने सांगितले? गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, नरहरी सोनार दागिना घडवीत, सेना महाराज हजामत करीत, नामदेवरायांचे घर शिंप्याचे. आपला संप्रदाय हातांनी काम करणाऱ्यांनीच उभा केला. त्यांच्या नावाने टाळ वाजवणाऱ्यांनी टाळ घडवणाऱ्याला विसरावे, हे शोभत नाही.

घ्यावा कसा

आता कामाचे सांगतो. टाळ घेताना पुढील गोष्टी पाहाव्या.

1. प्रत्येक वाटी दोरीने मोकळी लोंबती धरून कडेवर हलकेच वाजवावी. नाद किती वेळ टिकतो ते ऐकावे. दुकानात गलका असेल तर बाहेर यावे; संकोच करू नये.

2. मग दोन्ही एकत्र वाजवाव्या. हेलकावत विरणारा नाद चांगला. खरखर आली तर दुसरी जोड मागावी.

3. वाटी सपाट फरशीवर पालथी ठेवावी. कड सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. कडेवरून बोट फिरवून जाडी सारखी आहे का पाहावे.

4. भोक मध्यभागी असावे आणि त्याची धार मोडलेली असावी. नाहीतर दोरी कापली जाते आणि ऐन पावलीत वाटी सुटून कोणाच्या पायावर पडते.

5. लोहचुंबक लावून पाहावा. कांसे-पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे.

6. कांसे की पितळ, हे विचारावे. कांशाचा रंग पितळेहून फिका असतो. सचोटीचा कारागीर विचारल्याबरोबर सांगतो.

एवढे झाल्यावर किंमत विचारावी. घासाघीस करावयाची तर धातूच्या भावावर करावी. हाताच्या मोलावर करू नये.

निगा

टाळ दगडावर पडू देऊ नये. कांशाचा तर नाहीच नाही. कडेला बारीक चीर गेली तर आवाजात लगेच फुटकेपणा येतो. चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडून घेतले तर ती पुढे जाण्याचे थांबू शकते. डाग देऊन मात्र नाद परत येत नाही, उलट दबतो. चिंच-लिंबाने वरचेवर घासू नये. वाजवून झाल्यावर घामाचा हात कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, तेवढे पुरे. दोरी सुती व पक्क्या गाठीची असावी आणि वारीपूर्वी बदलावी. टाळ अगदीच फुटला तर भंगारात फेकू नये. कारागिराकडे मोड म्हणून द्यावा. तोच धातू पुन्हा मुशीत जातो आणि नवा टाळ होऊन येतो.

दिंडीने काय करावे

एक शेवटची सूचना दिंडीचालकांना आहे. आपण सारे टाळ ज्येष्ठात घेतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नरवरून पंढरीची वाट धरते, तेव्हा ऐनवेळी दुकानात गर्दी होते आणि जे पुढे येईल ते उचलले जाते. मग वर्षाचे बाकीचे महिने कारागिराची भट्टी थंड. त्यापेक्षा असे करावे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी आपण त्र्यंबकेश्वरी येतोच. परतताना नाशकात थांबून स्वतः घडवणाऱ्या कारागिराचा पत्ता काढावा, दिंडीला किती जोड्या लागतील ते सांगावे आणि विसार द्यावा. मध्ये साडेचार-पाच महिने मिळतात, आणि तेही कोरड्या हवेचे. साचे ओल धरीत नाहीत, धातू विकत घ्यायला कर्ज काढावे लागत नाही, जोड लावायला सवड मिळते. ज्येष्ठात टाळ वाजवून, पारखून घ्यावे आणि उरलेले पैसे त्याच दिवशी चुकते करावे. उधारी ठेवून वारीला निघू नये.

सारे टाळ एकाच हातचे असले म्हणजे दिंडीचा नादही एक होतो, हा लाभ वेगळाच. जवळच्या गावच्या दोन-तीन लहान दिंड्यांनी मिळून मागणी नोंदवली तरी चालेल. ज्या गावी कारागीर नाही तेथल्यांनी निदान दुकानदाराला एवढे तरी विचारावे, “हा टाळ कोणाच्या हातचा?” दहा गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न केला की अकराव्याच्या आधी दुकानदार त्याचे उत्तर शोधून ठेवील, आणि त्या उत्तराबरोबर कारागिराचे नाव बाजारात येईल.

पुढच्या एकादशीला भजनाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपली जोड एकदा अशी वाजवून पाहावी आणि नाद विरेपर्यंत गप्प राहून ऐकावे.